सुकी की ओली

आमच्या सासूबाईंना हसायचं असलं की त्या आधी बसतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ती त्यांची ऐट वाटायची. कुणी काही गमतीचं बोललं की आई आधी खुर्ची शोधणार, खुर्ची नसेल तर पलंगाची कड, तीही नसेल तर सरळ जमीन. बूड टेकलं की मग पोट धरून हसणार. एका लग्नात तर त्यांनी हॉलच्या दारातच फतकल मारली आणि मागची वऱ्हाडी मंडळी खोळंबून राहिली.

"हिचा हसणा म्हणजे पंगत," सासरे म्हणाले. "बसल्याशिवाय सुरू होत नाय."

तेव्हा मीही हसले होते. उभ्याने.

मी दिशा. मुलुंडच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. माझ्या आवाजापुढे शिट्टीची गरज नाही असं मुलं म्हणतात आणि ते खोटं नाही. आमचं घर कांजूरमार्ग पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. नवरा सुयोग, सासरे चंद्रप्रकाश, सासूबाई रत्नप्रभा. सासू-सासरे दोघंही कुडाळकडची, त्यामुळे घरात मालवणी चालते आणि मासे नसले की सासऱ्यांचं तोंड उतरतं. दिवाळीत गार्गी झाली आणि पाचवं माणूस आलं.

बाळंतपण आईंनीच केलं. शेक झाला, डिंकाचे लाडू झाले, आळिवाची खीर इतकी झाली की अजून आळीव दिसला तरी मी तोंड फिरवते. तीन-साडेतीन महिने मी सगळं निमूट केलं. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, पण केलं. डोक्यात एकच होतं, जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मला उड्या मारता यायला हव्यात. पी.टी.च्या बाईला उडी मारता येत नसेल तर तिने सरळ भूगोल शिकवावा.

मग एका संध्याकाळी गार्गीला ढकलगाडीत घालून खाली गेले. बिल्डिंगची पोरं दोरीउड्या खेळत होती. "टीचर, डबल मारून दाखवा ना!" मला कुणी असं म्हटलं की मी थांबत नाही. दोरी घेतली, सुरू केलं, आणि चार उड्यांत कळलं की काहीतरी भलतंच झालंय. राखाडी लेगिंग. मांड्यांपर्यंत ओली.

मी काय केलं? गार्गीला गाडीतून उचललं, मांडीशी घट्ट धरलं आणि मोठ्याने म्हणाले, "अरे देवा, हिने शू केली!" आणि जिने चढून पळाले.

घरात आईंनी गार्गीला घेतलं, कपडे बदलायला म्हणून हात लावला आणि थांबल्या.

"ही तर सुकी आसा गो."

"मग पाणी सांडलं असेल."

त्यांनी माझ्या लेगिंगकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आत जाऊन माझा धुतलेला गाऊन पलंगावर काढून ठेवला. त्या गाऊनचा मला इतका राग आला की विचारू नका. कुणीतरी कीव करतंय असं वाटलं.

मग मी तेच केलं जे सगळ्या करतात. फोनवर व्हिडिओ शोधला आणि गुपचूप व्यायाम सुरू केला. व्हिडिओतली बाई सांगायची त्याच्या दुप्पट. पोट आत, श्वास रोखून, दात आवळून जोर. खेळाडू माणसाला एवढंच कळतं, होत नसेल तर अजून जोर लाव. काही दिवसांत उडी सोडाच, शिंकेचीही भीती वाटायला लागली. माझ्या आईला फोन केला तर म्हणाली, "होतंच गं असं पोर झाल्यावर, सगळ्यांचंच होतं." शेवटी सुयोगला सांगितलं, सांगताना रडले. तो म्हणाला, "गुडघा दुखावला असता तर इतके दिवस घरात बसली असतीस का तू?"

त्यानेच ऑफिसात विचारून ॲन्ड्रियाचं नाव आणलं. वाकोल्याला तिचं छोटं क्लिनिक आहे. ती फिजिओथेरपिस्ट, आणि फक्त बायकांचं हेच काम करते. तिथल्याच जुन्या गावठाणातली, माझ्याच वयाची, तोंडाने माझ्याहून फटकळ. तिने सगळं विचारलं, मग मला विचारून, हातमोजे घालून नीट तपासलं.

"आता करा बघू, रोज काय करता ते."

मी केलं. जीव तोडून केलं.

"अहो बाई," ती म्हणाली, "तुम्ही ढकलताय. मी उचला म्हणतेय आणि तुम्ही बाळ बाहेर काढताय. ते काम झालंय ना एकदा?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. इतके दिवस मी उलटं करत होते. ॲन्ड्रियाने हाताची ओंजळ करून दाखवली. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळं तिच्यावर तोललेलं असतं. बाळ पोटात असताना ती ताणते, बाळ तिच्यातूनच बाहेर येतं. ताणलेली आहे, फाटलेली नाही.

"श्वास रोखायचा नाही. सोडायचा, आणि सोडता सोडता आतून वर उचलायचं, वारा अडवतो ना आपण, तसं. मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं हाही व्यायामच. शिंक येतेय वाटलं की आधी उचला, मग शिंका."

"आणि दोरी?"

"दोरी येईल. आधी चालणं, मग जिने, मग जागच्या जागी छोट्या उड्या. तुमच्या घाईने नाही, झोळीच्या तब्येतीने."

घरी मी हॉलमध्ये चटई टाकली आणि फोनवर वेळेची घंटी लावली. बासरीची ट्यून होती. ती वाजली की मी आडवी.

"निजान कसलो गो व्यायाम?" आई म्हणाल्या. "ह्याका आमच्यात झोप म्हणतत."

मला समजावल्याशिवाय राहवत नाही. मी ॲन्ड्रियासारखी ओंजळ केली आणि झोळीचं सगळं सांगितलं. आईंनी मन लावून ऐकलं.

"झोळी नाय ती," त्या म्हणाल्या. "पदर. ओटी घेताना धरतंव, तसो." आणि त्यांनी उभ्या उभ्या पदराची दोन टोकं दोन्ही हातांनी पुढे धरून दाखवली. "वर नारळ, तांदूळ. पदर सैल पडलो काय नारळ खाली."

"अगदी तस्संच, आई!"

पदर तसाच धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. "तो परत आवळता येता?"

"येतो म्हणते ती."

"कितीय वर्सांनी?"

"किती वर्षांनी काय? मला तर काही महिनेच झालेत."

"तांदूळ धुवचे आसत," असं म्हणून त्या आत गेल्या. आणि मी, जिला वर्गातल्या शेवटच्या रांगेतल्या पोराच्या बुटाची सुटलेली नाडी दिसते, मला काहीही दिसलं नाही.

दिसलं ते नंतर, एका दुपारी. बासरी वाजली, मी आडवी झाले, पण तहान लागली म्हणून उठून स्वयंपाकघरात गेले. आई गॅससमोर उभ्या होत्या. हातातला डाव हवेत, डोळे मिटलेले, ओठ चूल फुंकताना करतात तसे. हळूच श्वास सुटत होता, फू. बाजूला आमटी उतू जात होती आणि त्यांना पत्ता नव्हता. बासरी हॉलमध्ये वाजत होती, माझ्यासाठी. मी गॅस बंद केला. त्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारख्या लाजल्या.

मग मला एकदम सगळं कळलं. बसून हसणं. जेवताना अर्धाच पेला पाणी. सगळ्या साड्या जांभळ्या नाहीतर गडद हिरव्या. फोडणीचा ठसका लागला की ओटा धरून, पायावर पाय आवळून उभं राहणं. दरवर्षी गणपतीला गावी जायचं म्हटलं की "माका बस लागता" म्हणून मागे राहणं. मला आधी राग आला. त्यांचा नाही, सगळ्यांचा. एका घरात इतकी माणसं आणि कुणालाच दिसलं नाही. मग राग ओसरला आणि मी त्यांचा हात धरला. डाव अजून हातातच होता.

"कधीपासून, आई?"

"सुयोगाच्या येळेपासना."

त्या खाली बसल्या, मीही बसले. ओट्याला टेकून त्यांनी सांगितलं. लग्नाआधी त्यांच्या वाडीत त्यांच्यासारखी फुगडी कुणी घालत नव्हतं. शेजारच्या वाडीतून बोलावणी यायची.

"सुयोग झालो, आणि पैल्याच गौरीक मी फुगडेक उभी रवलंय. पोरगो पाळण्यात. दोन गिरक्ये घेतलंय आणि लुगडां ओला. बाजूक भरलेली कळशी होती. ती उचललंय आणि अंगावर ओतून घेतलंय. सगळी हसली. रत्ना येडी झाली म्हणाली, उकाड्यान. त्येच्यानंतर परत घालूक नाय. पायात चमक भरता म्हणान सांगलंय."

मी गार्गीला मांडीशी धरून जिने चढले होते, ते आठवलं. त्यांना तो गाऊन का सुचला तेही कळलं.

"डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

"काय सांगतलंय? सुयोगाचो बापूस बाजूक बसलेलो. आणि माका वाटला, देवान पोर दिल्यान, त्याच्या बदल्यात ह्या घेतल्यान. असांदे."

"देव असा आहे का हो, आई?" माझा आवाज चढलाच. "उद्या वाकोल्याला जायचं. माझ्यासोबत."

सासऱ्यांना "गार्गीचा इंजेक्शन आसा" असं सांगून आम्ही तिघी रिक्षाने गेलो. आईंनी जांभळी साडी नेसली होती. ॲन्ड्रियाने मला बाहेर बसवलं, त्यांना सावकाश तपासलं आणि मग आत बोलावलं.

"मावशी, पाणी प्या. पाणी कमी केलं की लघवी कडक होते आणि पिशवी आणखी चिडते. व्यायाम दोघींनी मिळून करा. पूर्ण जाईल असा शब्द देत नाही, पण कमी होऊ शकतं. बरंच कमी. आता मला सांगा, तुम्हाला पुन्हा काय करायचंय?"

हा प्रश्न आईंना आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गार्गीकडे पाहिलं.

"एक फुगडी," त्या म्हणाल्या. "येत्या गौरीक."

"बसफुगडी की उभी?"

"उभी गो! बसान उड्ये मारूक मी काय सोळा वर्साची आसंय?"

ॲन्ड्रिया खो खो हसली. "मग सोपं आहे. फुगडीत फू म्हणताच ना तुम्ही? त्या 'फू'लाच उचलायचं. श्वास बाहेर, पदर वर."

पदर हा शब्द आईंनी तिला आत असतानाच देऊन ठेवला होता.

तेव्हापासून बासरी वाजली की हॉलमध्ये मी आणि गॅसपाशी आई. दुपारी सासरे वामकुक्षी करायला गेले की चटईवर दोघी, मध्ये गार्गी पाय हवेत मारत. आणि रोजची परीक्षा म्हणजे फोडणी. लाल मिरची तेलात पडली की दोघींना ठसका. मग आई वळून विचारायच्या, "सुकी?"

"सुकी. तुम्ही?"

"वायच ओली."

कधी उलट. शब्द गार्गीवरून आला होता, तो आमचाच झाला. सासरे हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेले असायचे, पण त्यांच्यादेखत बिनधास्त बोलता यायचं. मला वाटायचं काय हुशार आहोत आपण! एके दिवशी सासरे बाजारातून आले ते सुक्या बोंबलांची भली मोठी पिशवी घेऊन.

"रोज ऐकतंय. सुकी, ओली, सुकी, ओली. तुमका सुकी मासळी होयी तर माका तोंडान सांगूक काय झाला?"

आई झटकन स्टुलावर बसल्या आणि हसल्या. सासऱ्यांना वाटलं खूश झाल्या. मग काय, पुढच्या आठवड्यात सुका बांगडा, त्याच्या पुढच्या आठवड्यात गोलमा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी. सुयोगने विचारलं, "आपल्याकडे ताजी मासळी मिळायची बंद झाली का?" आम्ही दोघी खाली बघून भाकरी मोडत राहिलो.

सगळं सरळ झालं असतं तर मी सांगितलंही नसतं. जूनमध्ये मी शाळेत परत रुजू झाले, आणि जुलैत आईंना खोकला झाला. साधा नाही, छाती फोडणारा. इतक्या दिवसांचं सगळं धुऊन गेलं. खोकला गेला तरी बासरी वाजायची आणि आतून डावाचा आवाज थांबायचा नाही. मी आत गेले तर म्हणाल्या, "पुरे झाला. जुन्या लुगड्याक रफू तरी किती करशीत? तू तरणी आसस, तुझा होतला. माझी फुगडी झाली."

मी पर्समधून शाळेची शिट्टी काढली आणि स्वयंपाकघरात जोरात फुंकली. आई दचकल्या. हॉलमध्ये गार्गी खिदळायला लागली.

"आज शाळेत मी दोरी मारली," मी म्हणाले. "पोरांसमोर."

त्यांनी वळून बघितलं. "आणि?"

"ओली."

"बरीच?"

"बरीच. ॲन्ड्रियाने सांगितलं होतं, घाई करू नको. केली. बाथरूममध्ये जाऊन रडले, कपडे बदलले, पुढचा तास घेतला. मला एकटीला नाही जमत हो. तुम्ही डाव धरून उभ्या असता, म्हणून मी चटईवर पडते."

आईंनी गॅस बारीक केला, मग बंदच केला. हात पुसले आणि हॉलमध्ये जाऊन चटईवर आडव्या झाल्या. "ये," म्हणाल्या, "त्या बासरीक परत वाजव." मी त्यांच्या शेजारी पडले. गार्गीने आजीचा पदर तोंडात घातला. श्वास सोडता सोडता त्यांनी माझा हात धरला, आणि मला माझ्या सासूवर किती माया आहे ते मला त्या चटईवर कळलं. मी ते बोलूनही दाखवलं. "गप," त्या म्हणाल्या, "फू कर."

भाद्रपद आला. गार्गी लहान म्हणून यंदा गावी कुणीच गेलं नाही. आमच्या बिल्डिंगचा गणपती तळमजल्यावर पार्किंगमध्ये बसतो. गौरीच्या संध्याकाळी आरती झाली की गाड्या हलवलेल्या जागेत बायका खेळतात, आणि पुरुष कडेच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून प्रसाद खातात. दुसऱ्या मजल्यावरच्या नलिनीकाकू खेळांच्या पुढारी. दरवर्षी त्या आईंना बोलावतात, दरवर्षी आईंच्या पायात चमक भरते.

त्या संध्याकाळी आई खाली आल्या त्या पिवळ्या साडीत. फिकट पिवळ्या. ती साडी कधी घेतली होती आणि कुठे ठेवली होती कुणास ठाऊक. सासऱ्यांच्या हातातला मोदक तिथेच थांबला.

खेळ सुरू झाला, बायका दमून कडेला झाल्या, आणि आई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "कोण येता माझ्यावांगडा?"

गार्गीला सुयोगकडे देऊन मी पुढे झाले. हातांची अढी घातली, पाय पायांना लावले. आईंचे तळवे गार होते.

"भीती वाटतेय?" मी हळूच विचारलं.

"वाटता," त्या म्हणाल्या. "धर घट्ट."

आणि आम्ही फिरलो. आधी हळू. प्रत्येक गिरकीला त्यांच्या तोंडून फू निघत होता. बाकीच्यांना तो फुगडीचा वाटत होता, आम्हा दोघींना माहीत होतं तो कशाचा आहे. मग त्यांनीच वेग वाढवला. वाडीतली रत्ना कशी खेळत असेल ते मला त्या दिवशी दिसलं. मान मागे टाकलेली, अंबाडा सुटलेला, सगळा भार हातांवर. माझा दम गेला, मीच "बास, बास" म्हणाले. हात सुटले तेव्हा मी एका खांबापाशी आणि त्या पार मखरासमोर.

त्या तशाच उभ्या राहिल्या. स्वतःच्याच अंगाकडे कान देऊन ऐकावं तशा. बायका टाळ्या वाजवत होत्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग, एवढ्या बायका, एवढे पुरुष, समोर गणपती, कशाचंही भान न ठेवता त्या ओरडल्या,

"दिशा! सुकी!"

टाळ्या थांबल्या. नलिनीकाकूंनी कपाळाला हात लावला. "अगं रत्ना, बाप्पा बसलाय समोर! आज कसली सुकी आठवते तुला?"

खुर्च्यांमधून सासरे उठले. हातात अर्धा मोदक, चेहरा अगदी गंभीर. "गणपती जावंदेत गो," ते समजुतीने म्हणाले. "मगे बाजारातना हाडतंय. होयी तितकी हाडतंय."

सगळं पार्किंग हसायला लागलं. मी सवयीने पळत जाऊन जवळची खुर्ची उचलली आणि आईंच्या मागे नेऊन ठेवली. आता त्या हसणार, आणि हसायच्या आधी त्यांना बसायला लागतं.

त्यांनी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं.

"ही कित्याक?" म्हणाल्या, आणि एका हाताने बाजूला सारली. पाय फाकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत राहिल्या. उभ्याने.

मलाही हसू आवरेना. मग त्या खुर्चीवर मीच बसले.